सहा मित्र, माणशी १ लाख ४० हजार : यात केनियाची सफारी बसेल का?

रंकाळाकाठ (धागाकर्ता) – १३ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी.

आम्ही सहाजण कोल्हापुरात एकाच वर्गात शिकलो. आता सगळे पंचेचाळिशी ओलांडलेले. गेली बारा वर्षं दर उन्हाळ्यात एकत्र जंगलात जातो. ताडोबा तीनदा, पेंच, नागझिरा, एकदा कान्हा. प्रत्येक वेळी परतीच्या गाडीत कोणीतरी म्हणतंच, "एकदा आफ्रिका करायची." यंदा पासपोर्ट काढून झालेत, म्हणजे आता मागे फिरायचं नाही.

अडचण पैशांची आहे आणि ती सरळ सांगतो. आमच्यातला एकजण जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. तीन वर्षं भिशी लावून त्यानं १ लाख ४० हजार बाजूला ठेवलेत. बाकीच्यांना अजून थोडं झेपेल. पण सहाजणांनी मिळून ठरवलंय की आकडा त्याचाच धरायचा. त्याच्या वाटचे पैसे दुसऱ्या कोणी भरायचे नाहीत, त्याला ते चालणार नाही आणि आम्हालाही नाही.

तीन ठिकाणांहून ऑगस्टचे भाव मागवले. सगळे अडीच लाखांच्या वर. म्हणून इथं विचारतोय. कुठला देश, कुठला महिना, आणि मुख्य म्हणजे कशावर खर्च कमी केला तर चालेल आणि कशावर केला तर पस्तावायला होईल?

---

धुळवाट – १३ ऑक्टोबर

बसेल. आम्ही पाचजण याच फेब्रुवारीत केनिया करून आलो, तुमच्या आकड्याच्या आसपासच.

पहिली गोष्ट, ऑगस्ट सोडा. मसाई मारा या तिथल्या अभयारण्याचं परदेशी पाहुण्यांचं तिकीट २०२४ पासून जानेवारी ते जून माणशी रोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज २०० डॉलर आहे. जंगल तेच, सिंह तेच, तिकीट दुप्पट. दोन दिवस धरले तर सहाजणांचा फरक १२०० डॉलर, म्हणजे लाखभर रुपये फक्त गेटवर. शिवाय ऑगस्टात तंबू आणि गाड्या सगळ्याचेच भाव चढलेले असतात.

दुसरी गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. हे तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं बारा तासांचं असतं. तुम्ही गेटबाहेर राहणार (स्वस्तात करायचं तर बाहेरच राहावं लागतं), तर एकदा बाहेर आलात की त्याच तिकिटावर परत आत जाता येत नाही. आता नेहमीचा कार्यक्रम बघा. नैरोबीहून निघून दुपारी तीनला पोचायचं, 'संध्याकाळची गेम ड्राइव्ह' (गाडीतून प्राणी बघायची फेरी) म्हणून चारला आत जायचं, सहाला बाहेर. दोन तासांसाठी १०० डॉलर गेले. शेवटच्या दिवशी सकाळी परत दोन तास, परत १०० डॉलर.

आम्ही काय केलं, तर पहिल्या दिवशी पोचलो आणि आतच गेलो नाही. तंबूसमोर बसून चहा घेतला, कॅम्पच्या कुंपणाबाहेर झेब्रे चरत होतेच. दुसरा आणि तिसरा दिवस, दोन्ही पूर्ण. सकाळी सहाला गेट उघडताना आपली गाडी रांगेत पहिली, जेवणाचा डबा बरोबर, संध्याकाळी सहाला बाहेर. चौथ्या दिवशी सकाळी थेट नैरोबी. तीन रात्री, तिकिटं दोनच, आणि जंगलात चोवीस तास. ताडोबात आपण साडेतीन-चार तासांच्या फेरीवर जगतो, त्या मानानं हे किती आहे ते बघा.

दुपारी अकरा ते तीन सगळे पर्यटक जेवायला कॅम्पवर गेलेले असतात. आम्हाला चित्त्याची मादी आणि तिची तीन पिल्लं दिसली ती दुपारी सव्वाला. वारुळावर चढून ती चारी दिशांना बघत होती आणि पिल्लं तिच्या सावलीत दाटीवाटीनं बसली होती. आमची एकटीच गाडी, चाळीस मिनिटं.

---

मोरपंखी – १३ ऑक्टोबर

फार उपयोगी प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

---

नैरोबीवासी – १४ ऑक्टोबर

मी मूळचा मिरजेचा, चौदा वर्षं नैरोबीत आहे. दर महिन्याला ओळखीतलं कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सहाजण आहात हे नशीब समजा. इथली छत वर उचलता येणारी टोयोटा हायएस व्हॅन सहाजणांना नेमकी पुरते. प्रत्येकाला खिडकी मिळते आणि उभं राहिलं की सगळ्यांना चारी बाजू दिसतात. गाडी, डिझेल आणि चालक मिळून दिवसाचा जो आकडा येतो तो सहांत वाटला जातो, तिथेच खरी बचत आहे. दोघंजण गेले तर तीच गाडी तिप्पट महाग पडते. लँड क्रूझर केव्हाही चांगली, पण फेब्रुवारी कोरडा असतो, व्हॅन चालते. मार्च ते मे मोठा पाऊस. तेव्हा मात्र व्हॅन घेऊ नका.

आता कशावर खर्च कमी करू नये, ते सांगतो. चालकावर. तंबू साधा घ्या, अंघोळीला गरम पाणी ठरावीक वेळीच मिळालं तरी चालवून घ्या, पण चालक चांगला मागा. इथं वाटाड्यांची परीक्षा घेणारी संघटना आहे, तिच्या कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या आहेत. बुकिंग करताना सरळ विचारा, आमच्या चालकाकडे कुठल्या पायरीचं प्रमाणपत्र आहे? उत्तर टाळलं तर दुसरीकडे बघा. कंपनीकडे पर्यटन नियामक प्राधिकरणाचा परवाना आहे का तेही बघा, आणि शक्यतो टूर ऑपरेटरांच्या केनिया असोसिएशनची सभासद असलेली घ्या.

साधा चालक रेडिओ ऐकत राहतो. कोणीतरी "सिंबा" म्हटलं की तिकडे पळतो आणि तुम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या मागे. माऱ्यात एका सिंहाजवळ एका वेळी पाचच गाड्या असा नियम आहे, पण गर्दीच्या दिवसांत तो पाळला जात नाही. जाणता चालक गाडी बंद करून थांबतो. हरणांचे कान कुठे वळलेत ते बघतो. तुम्हाला 'कॉल' (हरणं-माकडांचे धोक्याचे आवाज) ऐकायची सवय आहे, त्यामुळे असा माणूस मिळाला तर तुमचं छान जमेल.

माझ्या एका नातेवाइकांना वाईट अनुभव आला. आगाऊ पैसे पूर्ण भरले होते, कागदावर 'सर्व समाविष्ट' लिहिलेलं. सकाळी गाडी आली तर आत आधीच दोन अनोळखी माणसं बसलेली आणि छताची एक बाजू उघडतच नव्हती. नैरोबी सोडल्यावर भांडून काही होत नाही. तेव्हा लेखी घ्या : गाडी फक्त आमची, छत पूर्ण उघडणारं, दिवसाला किलोमीटरची मर्यादा नाही, जंगलाची तिकिटं किमतीत आहेत की नाहीत. आगाऊ तीस टक्के, बाकीचे गाडी डोळ्यांनी बघितल्यावर.

काही बारीकसारीक :

प्लास्टिकच्या पिशव्यांवर इथं २०१७ पासून बंदी आहे आणि अभयारण्यांत २०२० पासून एकदाच वापरायच्या बाटल्यासुद्धा चालत नाहीत. घरून चिवडा-लाडू आणाल तर डब्यात आणा, पिशव्यांत नको. पाण्याची स्टीलची बाटली प्रत्येकाची.

लष्करी छापाचे कपडे घालू नका. आपल्याकडे जंगलात सर्रास घालतात, इथं तो गुन्हा आहे.

व्हिसा आता नाही, त्याऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, ऑनलाइन काढायचा. तीस डॉलर आणि वर थोडं शुल्क. निघायच्या आधी पंधरा दिवस तरी काढून ठेवा.

आणि भाषेची धास्ती घेऊ नका. स्वाहिलीत पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा' आणि लाखाला 'लाकी' म्हणतात. चपाती तर चपातीच. शेकडो वर्षं आपली आणि इथली गलबतं ये-जा करत होती, त्याच्या या खुणा. 'सफारी' म्हणजे नुसता प्रवास, अरबी 'सफर'वरून आलेला. आपल्या मराठीतही तो आहेच.

---

काजवा – १४ ऑक्टोबर

धुळवाट यांच्याशी एका बाबतीत असहमत. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर विल्डबीस्टचं (गाईगुरांसारखं दिसणारं मोठं हरण) स्थलांतर बघायलाच जावं. मी २०१९ च्या ऑगस्टात मारा नदीच्या काठावर तीन तास थांबले होते. पलीकडच्या काठावर कळप जमत होता, पुढे येऊन मागे फिरत होता. एकदा एकानं उडी घेतली आणि मग सगळे. धूळ, पाणी, डुरकणं, आणि खाली मगरी. पैसे साठवायला अजून दोन वर्षं लागली तरी चालतील, पण ते बघा असं मी म्हणेन.

---

धुळवाट – १४ ऑक्टोबर

काजवाताई, तुमचं चूक नाही. पण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. सहाजणांना एकाच वेळी रजा मिळणं, सहाजणांची तब्येत धड असणं, हे दोन वर्षांनी जमेलच असं नाही. आमच्या पाचजणांत मुळात सहावा होता. तो वाट बघण्यातच गेला. म्हणून मी त्यांना थांबा असं म्हणू शकत नाही.

आणि माऱ्यातले सिंह, चित्ते, हत्ती, तरस, जिराफ कुठेही जात नाहीत, ते बारमाही तिथेच असतात. फेब्रुवारीत विल्डबीस्टचे मोठे कळप खाली टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला नदुतूच्या गवतात विणीसाठी गेलेले असतात, एवढाच फरक.

---

काजवा – १४ ऑक्टोबर

हे वाचून काही म्हणायचं राहिलं नाही. फेब्रुवारीतच जा, रंकाळाकाठ.

---

सारथी७ – १५ ऑक्टोबर

कोणी दक्षिण आफ्रिकेचा विचार का करत नाही? तिथल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः गाडी चालवत फिरता येतं. चालक नको, वाटाड्या नको. रस्ते डांबरी, वेगमर्यादा डांबरावर ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४०. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं. आतच सरकारी कॅम्प आहेत, तंबू लावायला जागा, सामायिक स्वयंपाकघर, पेट्रोल पंप, दुकान. आम्ही तर कुकर घेऊन गेलो होतो आणि रोज रात्री खिचडी केली. आकारानं क्रुगर साधारण वीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे दहा दिवसही कमी पडतात.

मराठी माणसासाठी एक गंमतीची गोष्ट. क्रुगरच्या मध्यभागी 'सातारा' नावाचा कॅम्प आहे, सिंहांसाठी प्रसिद्ध. जमिनीची मोजणी करताना तिथल्या एका भारतीय मदतनिसानं सतरा नंबरच्या तुकड्याला 'सत्रा' म्हटलं आणि त्याचं 'सातारा' झालं, असं सांगतात. पाटीसमोर फोटो काढल्याशिवाय आमच्यातलं कोणी पुढे हललं नाही.

---

रंकाळाकाठ – १५ ऑक्टोबर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीनं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. धुळवाट, तुमच्या सहाव्या मित्राबद्दल वाचून रात्री ग्रुपवर टाकलं. कोणीच काही बोललं नाही, पण सकाळी पाचजणांनी फेब्रुवारीची रजा टाकल्याचं कळवलं.

सारथी, क्रुगरचा हिशोब करून बघितला, पैशांत बसतंही. पण सहाजण म्हणजे दोन छोट्या गाड्या, आणि मग तिघं एकीकडे, तिघं दुसरीकडे. समोर बिबट्या आला आणि अर्धी मंडळी मागच्या वळणावर राहिली, ते आम्हाला नको. एकाच गाडीत सहाजण हवेत. म्हणून केनिया.

मास्तरची एकच मागणी आहे, हत्ती. सिंह-बिबटे दिसले नाहीत तरी चालतील म्हणतो. त्यासाठी अंबोसेली बरोबर ना?

---

नैरोबीवासी – १५ ऑक्टोबर

हत्ती म्हणजे अंबोसेलीच, दुसरा विचार करू नका. जेमतेम ३९२ चौरस किलोमीटरचं जंगल, पण किलिमांजारोचं पाणी जमिनीखालून येऊन तिथं दलदलीत वर फुटतं, त्यामुळे कोरड्या दिवसांतही मधोमध हिरवं असतं. हत्ती सकाळी कोरड्या माळावरून रांगेनं त्या दलदलीकडे येतात आणि संध्याकाळी परत जातात. १९७२ पासून तिथं हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास सलग चालू आहे. तिथले हत्ती गाड्यांना बुजत नाहीत, अगदी जवळून जातात.

किलिमांजारो ५,८९५ मीटरचा, उभा आहे टांझानियात पण दिसतो इकडून. सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या वेळी बघा. दुपारी ढगात असतो.

तिथलं तिकीट ऑनलाइनच काढायचं, गेटवर रोख घेत नाहीत. माऱ्याचं वेगळं, ते नारोक काउंटीकडे.

---

कडूनिंब – १६ ऑक्टोबर

लसीचं कोणी लिहिलं नाही, म्हणून हात जोडून सांगते. पिवळ्या तापाची लस. केनियाहून परत येताना आपल्याकडच्या विमानतळावर पिवळं कार्ड बघतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारनं नेमलेल्या केंद्रांतच मिळते, कुठल्याही दवाखान्यात नाही. नेमके वार असतात, नंबर आधी लावावा लागतो. आणि कार्ड लागू होतं ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी. माझ्या मैत्रिणीनं प्रवासाच्या सहा दिवस आधी घेतली आणि तिला तिकिटं पुढे ढकलावी लागली. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. अंड्याची अॅलर्जी किंवा कुठला जुना आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

हिवतापाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा. नैरोबीत धोका कमी आहे, माऱ्यात आहे.

---

मोरपंखी – १६ ऑक्टोबर

शाकाहारी लोकांचं तिकडे कसं होतं?

---

नैरोबीवासी – १६ ऑक्टोबर

उत्तम होतं. नैरोबीत तर गुजराती थाळी मिळते. कॅम्पवर आधी कळवलं की पुरे. इथली चपाती आपल्या घडीच्या पोळीसारखी, जरा जाड आणि तेलकट. 'गिथेरी' म्हणजे मका आणि घेवड्याची उसळच. 'सुकुमा विकी' नावाची पालेभाजी रोज असते. त्या नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. पगाराला अवकाश असतो तेव्हा स्वस्तातली ही भाजीच घराला तारून नेते. लसूण-मिरचीची चटणी डब्यातून आणा, ती इथल्या उगालीबरोबरही (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) छान लागते.

डबा जंगलात उघडताना मात्र सांभाळा. जेवणाच्या जागी घारी हातातला घास उचलतात.

---

तिबोटी – १७ ऑक्टोबर

पक्ष्यांच्या बाजूनं दोन शब्द. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी) घ्या, दहाची नको. गाडीत इंजिन चालू असताना दहाची हलते. सहांत तीन पुरतात, पण तीन तरी हव्यातच. नाहीतर ऐन वेळी मागामागी होते आणि पक्षी उडून जातो. लायलॅक ब्रेस्टेड रोलर ही आपल्या नीळकंठाची चुलत बहीण. तिला बघायला दुर्बीण लागत नाही, पण लावून बघा. छातीवरचा तो जांभळा रंग मी आजवर दुसऱ्या कशावर पाहिलेला नाही.

कॅमेऱ्याला टेकण म्हणून महागडी बीन बॅग विकत घेऊ नका. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून घ्या, रिकामीच न्या. नैरोबीत दोन किलो घेवडा घेऊन भरा. शेवटच्या दिवशी तो घेवडा कॅम्पच्या स्वयंपाक्याला द्या.

---

सारथी७ – १७ ऑक्टोबर

केनियाच ठरलं आहे तर पुढच्या कोणासाठी म्हणून लिहून ठेवतो. याहूनही स्वस्तात त्सावोचं जंगल होतं. २०१७ पासून नैरोबी–मोंबासा नवी रेल्वे आहे, तिनं व्होईला उतरायचं आणि तिथून एकाच दिवसाची गाडी करायची. त्सावो पूर्व आणि पश्चिम मिळून वीस हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं आहे. तिथले हत्ती तांबड्या मातीत लोळून विटेच्या रंगाचे झालेले असतात. जुना रेल्वेमार्ग बांधला तो हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी. १८९८ मध्ये त्सावो नदीच्या पुलावर दोन सिंहांनी त्यातल्या कित्येकांचा बळी घेतला. माझ्या मनात तिथून जाताना सिंहांपेक्षा ती माणसंच होती.

---

रंकाळाकाठ – २ नोव्हेंबर

ठरलं. ८ फेब्रुवारीला मुंबईहून निघायचं. नैरोबी एक रात्र, अंबोसेली दोन, नैवाशा तळ्याकाठी एक, मारा तीन. परवानाधारक कंपनी, रौप्य पायरीचा चालक, गाडी फक्त आमची, सगळं लेखी. लशीचे नंबर लागले.

एक गोष्ट इथल्या सल्ल्याशिवाय केली, ती सांगतो. माऱ्यात बलूनमधून फिरवतात, माणशी साडेचारशे डॉलरच्या पुढे. आमच्यातल्या दोघांना फार मनात होतं. जायच्या आधीच बसून बोललो. ते दोघं म्हणाले, चौघं खाली असताना आम्ही वरून काय बघणार? विषय तिथे संपला. तिकडे गेल्यावर हे बोलणं निघालं असतं तर कोणाचं तरी मन दुखावलं असतं.

---

रंकाळाकाठ – २ मार्च

परत आलो. पंधरा दिवस झाले तरी कामात लक्ष लागत नाही, म्हणून आधी इथं लिहितो.

हिशोब आधी, कारण त्यासाठीच हा धागा काढला होता. माणशी हजारांत : विमान ४१, गाडी-डिझेल-चालक साडेअठरा, जंगलांची तिकिटं २५ (मारा दोन दिवस, अंबोसेली एक, हेल्स गेट), राहणं-जेवण साडेअठ्ठावीस, आणि ईटीए, विमा, लस, नैवाशाची बोट, चालकाला बक्षीस, कोल्हापूर–मुंबई हे सगळं मिळून १८. एकूण १ लाख ३१ हजार. मास्तरचे ९ हजार उरले.

नैवाशाजवळच्या हेल्स गेटमध्ये भाड्यानं सायकली घेतल्या. तिथं सायकलवरून जंगलात फिरता येतं. समोरून जिराफ रस्ता ओलांडतोय आणि आपण ब्रेक दाबून उभे. आमच्या बारा वर्षांच्या जंगलफिरतीत पाय जमिनीला लावायची पहिलीच वेळ.

माऱ्यात तिसऱ्या दिवशी दुपारी अचानक पाऊस आला. अर्ध्या तासाचाच. पण तिथली माती आपल्यासारखीच काळी, कापसाची. शिरोळकडच्या शेतात पाऊस पडल्यावर चाकाला जशी लपेटते, अगदी तशी. व्हॅनचं मागचं चाक रुतलं. चालकानं आम्हाला खाली उतरू दिलं नाही. दुर्बीण घेऊन पाच मिनिटं चारी बाजूंचं गवत नीट बघितलं, मग रेडिओवर बोलावलेली दुसरी गाडी आडवी लावून घेतली, आणि तेव्हाच दोर बांधायला उतरला. आमच्यातला शेतकरी आतून सांगत होता, "चाक सरळ ठेवायला सांगा, वळवलं की अजून खोल जाणार." भाषा कळत नव्हती, पण हातवारे कळले. चालकानं चाक सरळ केलं आणि गाडी निघाली. रात्री कॅम्पवर दोघं एकमेकांना आपापल्या मुलांचे फोटो दाखवत बसले होते. नैरोबीवासी, चालकाबद्दल तुम्ही लिहिलेलं शब्दन्‌शब्द खरं.

सिंह बघितले, एकदा अकरा एकत्र. चित्ता दुपारीच दिसला, धुळवाट यांनी सांगितल्याप्रमाणे. बिबट्या नाही दिसला.

पण लिहायचंय ते अंबोसेलीचं. सकाळी सात-सव्वासात असतील. मागे किलिमांजारो पूर्ण मोकळा. नऊ हत्तींचं कुटुंब दलदलीकडे चाललं होतं. त्यातली एक मादी आमच्या गाडीपासून दहा-बारा फुटांवर थांबली. गवताचे आखूड खुंट होते, सोंडेत नीट येत नव्हते. तिनं पुढच्या पायाच्या नखांनी गवताला लाथ मारली, एकदा, दोनदा, मग सोंडेनं तो झुबका गुंडाळून उपटला. मुळांना माती होती. तो तसाच तोंडात घातला नाही. गुडघ्यावर तीन-चारदा आपटला, माती झडली, आणि मग खाल्लं. परत लाथ, परत उपटणं, परत झटकणं. आपल्या बायका मेथीची जुडी निवडताना मुळं झटकतात, तोच हात. तिच्या पायाशी वर्षभराचं पिल्लू होतं, तेही पाय आपटत होतं, पण गवत काही निघत नव्हतं. शेवटी त्यानं सोंड आईच्या तोंडात घातली आणि तिथलंच काढून घेतलं.

मास्तरनं कॅमेरा खाली ठेवला होता. वीस-पंचवीस मिनिटं कोणी बोललं नाही. कळप पुढे गेल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "माती का झटकते रे ती?" आम्हाला कोणालाच सांगता आलं नाही. इथं कोणाला माहीत असेल तर सांगा, त्यानं शाळेत मुलांनाही हे सांगितलंय आणि मुलं त्याला रोज विचारतात.

---

धुळवाट – २ मार्च

वाचताना गळा भरून आला. सहाच्या सहाजण गेलात, फार बरं केलंत.

---

तिबोटी – ३ मार्च

मातीचं उत्तर देतो. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहाच संच मिळतात. एक झिजला की मागून पुढचा सरकत येतो, आणि सहावा झिजला की संपलं. मग चावता येत नाही, म्हातारा हत्ती मऊ गवतासाठी दलदलीजवळच राहू लागतो. माती आणि रेती दाढांना कानशीसारखी घासते. घासातली माती झटकली तर दाढा तेवढ्याच जास्त टिकतात. पिल्लाला हे उपजत येत नाही, ते आईजवळ उभं राहून बघतं, आणि तुम्ही पाहिलंत तसं तिच्या तोंडातलं काढून काय खायचं तेही शिकतं.

---

रंकाळाकाठ – ३ मार्च

आत्ताच मास्तरला फोन लावून वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यानं. उद्या पहिल्या तासाला सांगतो म्हणाला.